सुपावरचं पाणी

ओल्या बांबूचा वास सांगून कळायचा नाही. हिरवा म्हणावा तर त्यात कडवटपणाची एक रेघ असते, कडवट म्हणावा तर मागाहून उसाच्या कांडीसारखं काहीतरी गोडसर जाणवतं, आणि दोन्ही नीट ओळखेपर्यंत तो विरून गेलेला असतो. कोरड्या सुपाला तो येत नाही. कोरडं सूप कोंड्याचा, तांदळाच्या कण्यांचा, फार तर माळ्यावरच्या धुळीचा वास धरून बसतं. पण नुकत्या विणलेल्या सुपावर पाण्याचा हबका बसला, की बांबूला आपलं बेट आठवतं. निदान मला तसं वाटत आलं आहे.

नवी मुंबईत राहून हा वास हवा असेल तर भाद्रपदाची वाट पाहावी लागते. श्रावण सरत आला, की सायन-पनवेल रस्त्याच्या कडेला, सानपाड्याच्या अलीकडे, पुलाखालच्या कोरड्या पट्ट्यात दोन-चार कुटुंबं हिरवे बांबू टाकून बसतात. डोक्यावर गाड्यांचा अखंड घरघराट, शेजारी साचलेल्या पाण्यातून जाणाऱ्या रिक्षांचे फवारे, खाडीवरून येणारा खारा, चिखलट वारा, आणि या सगळ्याच्या मधोमध कोयत्याचा एक घाव. घाव फक्त तोंडाशी घालायचा असतो. मग कोयता थोडा पिरगळला, की बांबू आपल्या आपण फाटत जातो, कड्‌कड्‌ करत, पेरापर्यंत. पेराशी अडतो. तिथे पुन्हा एक ठोका, आणि आवाज बदलून तो पुढे निघतो. पुरुष फोडतो, बाई कामटी पायाच्या अंगठ्याखाली धरून सुरीनं तासत बसते, आणि तिच्या मांडीवर, लुगड्याच्या निऱ्यांवर, बाजूला निजवलेल्या पोराच्या केसांत बांबूचे केसाएवढे बारीक तुकडे पडत राहतात. गौरी जवळ आलेल्या असतात. नेरूळ-कोपरखैरण्यातल्या कोकणी घरांना सुपं हवी असतात. पूर्वा नक्षत्रावर गौरी आल्या तर नव्या सुनांचे ओवसे, मग तर जास्तच. बायका येतात, सूप उलटं करून बोटांनी वीण दाबून बघतात, भाव करतात, आणि पिशवीत न मावणारं ते सूप छातीशी धरून रिक्षात बसतात.

मी तिथे रेंगाळते ती वासासाठी. आणि रेंगाळताना हल्ली माझ्याबरोबर एक पुस्तक असतं. हातात नव्हे, मनात.

आजोळ माझं राजापूरकडचं. पावसाच्या उघडिपीत एक बाई डोक्यावर सुपांची, रोवळ्यांची, परड्यांची उतरंड घेऊन यायची. अंगणाच्या गडग्याबाहेर थांबून हाक द्यायची. तिचं नाव घरात कुणी घेत नसे, ती सूपवाली. आजी ओटीवर येई, तिथूनच बोटानं दाखवी, हे, आणि ते पलीकडचं. सूपवाली निवडलेलं सूप अंगणाच्या कडेला, तुळशीपासून लांब, एका सपाट दगडावर ठेवून चार पावलं मागे सरे. मग आजी तांब्या घेऊन खाली उतरायची आणि ओंजळीनं पाणी घेऊन सुपावर शिंपायची. एकदा, दोनदा, उलटं करून पुन्हा एकदा. आणि तो वास सुटायचा. मी त्या क्षणासाठीच टपून बसलेली असायची. धावत जाऊन सुपात तोंड घालायची, आणि ओल्या कामट्यांचा गारवा गालांना लागायचा. पैसे दगडावर ठेवलेले असत. सूपवाली ते कधी उचले, माझं लक्ष नसे.

आजी गेली, आजोळचं घर विकलं गेलं, आणि सुपाची जागा प्लास्टिकच्या चाळणीनं घेतली, तरी त्या पाण्याबद्दल माझ्या मनात कधी काही आलं नव्हतं. नव्या सुपावर पाणी मारायचं असतं, एवढंच. बांबू चिवट होतो म्हणून. कीड लागत नाही म्हणून. वास सुटतो म्हणून. मुलांची कारणं मोठ्यांपेक्षा नेहमीच सुंदर असतात.

उर्मिला पवारांचं ‘आयदान’ ग्रंथालीनं २००३ साली काढलं. मी ते वाचलं ते हार्बर लाइनच्या डब्यात, तुकड्यातुकड्यानं, कारण घरी वाचायला बसलं की कुणीतरी हाक मारतं. रत्नागिरीजवळचं फणसवळे हे तिचं गाव. १९४५चा जन्म. वडील शिक्षक, ती प्राथमिक शाळेत असतानाच ते गेले आणि जाताना मुलांना शिकव असं बायकोला सांगून गेले. मग आई आयदानं करायला बसली. सुपं, टोपल्या, रोवळ्या, बांबूचं जे जे काही घरात लागतं ते सगळं. देशावर हे काम बुरुडांचं. कोकणात ते महारांच्या वाट्याला आलेलं. आई विणायची आणि धाकटी मुलगी तयार आयदान गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायची. त्या घरी तिला उंबऱ्याबाहेर उभं करत, आणलेल्या आयदानावर पाणी शिंपडून मग ते आत घेत, आणि पैसे तिच्या हातावर वरून टाकत.

गाडी वाशीच्या पुलावर होती. खाली खाडी भरतीची, दोन्ही काठांना कांदळवनाची गडद झालर. मी पुस्तक मिटलं नाही, पण पुढची ओळ दिसेना. त्या पाण्याच्या पलीकडे कुणीतरी उभं होतं. इतकी वर्षं मी ज्या वासात नाक खुपसून उभी होते, त्याच्या चार पावलं मागे एक मुलगी, माझ्याच वयाची असेल, हात पुढे करून उभी होती, आणि तिलाही तोच वास येत होता.

तिला तो कसा आला असेल?

या प्रश्नाचं उत्तर मी देणं बरं नव्हे. ते देणारीनं दिलेलं आहे, आणि तिनं ते ज्या सुरात दिलं आहे तो सूर मला आजही थक्क करतो. त्यात आक्रोश नाही. तक्रारीच्या जागी ती आठवण ठेवते, आणि आठवणीच्या शेजारी पुष्कळ वेळा हसू. आईच्या हातांना झालेल्या जखमा, तिचं तुटक बोलणं, कुणावर पटकन विश्वास न टाकणारा तिचा कडवा स्वभाव, हे सगळं ती लेक म्हणून सांगते. आईला देवी करण्याचा मोह तिला होत नाही. आपलं लिहिणं आणि आईचं विणणं यांची वीण एकच, वेदनेची, असं ती प्रस्तावनेत सुचवते आणि मग त्या उपमेला फारसा हात लावत नाही. मला हे आवडतं. विणकामाची उपमा लेखकांच्या हाती लागली की ती धुऊन धुऊन पातळ होते. इथे ती बांबूच राहिली आहे, हाताला कूस लागेल अशी.

पण मी जिथे पुन्हा पुन्हा जाते ती जागा वेगळी आहे. पुस्तक सुरू होतं तिथे ‘मी’ नाहीच. जन्म नाही, घराणं नाही, पहिली आठवण नाही. तिथे बायका आहेत. लाकडाच्या मोळ्या, गवताचे भारे, तांदूळ, आंबे डोक्यावर घेऊन फणसवळ्याहून रत्नागिरीच्या बाजाराला डोंगरवाटेनं निघालेल्या बायका. त्यांचे दमलेले श्वास, त्यांच्या चेष्टा, त्यांनी वाटेत उगाळलेली सासरची दुःखं. लेखिका त्यांच्या पायांत कुठेतरी आहे, पण ती वाचकाला आधी त्या बायकांच्या हवाली करते आणि मग सावकाश स्वतः येते. आत्मचरित्र लिहिणाऱ्यानं इतका वेळ दाराबाहेर थांबावं, ही सभ्यता तिच्यात कुठून आली असेल?

माझं उत्तर असं आहे, की ती आधी ऐकायला शिकली होती.

आयदानच्या चौदा वर्षं आधी, १९८९ साली, मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार या दोघींचं एक पुस्तक आलं होतं: ‘आम्हीही इतिहास घडवला’. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांचा शोध. उर्मिलाबाई तेव्हा मुंबईत सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करत होत्या. संसार होता, मुलं होती, नोकरी करता करता मराठीत एम. ए. केलेलं होतं. मीनाक्षीताई ‘आम्ही मैत्रिणी’ हे नियतकालिक चालवत. त्यांचे यजमान वसंत मून शासनातर्फे बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड संपादित करत होते. त्या घरात कागद, पत्रं, जुनी वर्तमानपत्रं यांची काय दुनिया असेल याची कल्पना करून बघावी. पण या दोघींना हवं होतं ते कागदावर फारसं नव्हतंच. म्हणून त्या म्हाताऱ्या होत चाललेल्या बायकांच्या दारात गेल्या आणि विचारू लागल्या, तेव्हा तुम्ही कुठे होता?

आपल्याकडे म्हातारीला हा प्रश्न विचारला की ती आधी लाजते. मग घरातला पुरुष उत्तर द्यायला पुढे होतो. मग ती चहा ठेवायला आत जाते, आणि खरी गोष्ट स्टोव्हजवळ सापडते. हे मला ठाऊक आहे, कारण काही वर्षं मी एका दिवाळी अंकाच्या संपादनात हाताखाली काम केलं आणि अशा मुलाखतींची टिपणं साफ करून दिली. बोलणाऱ्या बाईचं वाक्य अर्ध्यावर तुटतं, ती मागे जाते, नात्यांची नावं घेते, मध्येच रडते किंवा भाताला बघून येते. आणि त्या तुटक्या वाक्यातून व्याकरण काढायचं की श्वास ठेवायचा, हे रोज नव्यानं ठरवावं लागतं. बहुतेक वेळा आम्ही व्याकरण निवडलं. शहाणा संपादक श्वास ठेवतो. त्या दोघींनी तो ठेवला.

त्या पुस्तकात महाड येतं. महाड माझ्या आजोळच्या वाटेवरचं. पनवेलहून गोवा रस्त्यानं एसटी निघाली, की वडखळ, माणगाव मागे टाकत ती महाडच्या स्थानकात शिरायची आणि कंडक्टर दहा मिनिटं म्हणून वीस मिनिटं गाडी उभी करायचा. आम्ही वडे खायचो. चवदार तळं तिथून हाकेच्या अंतरावर, आणि लहानपणी ते मला कुणी दाखवलं नाही. २० मार्च १९२७ला बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक त्या तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. पुढे गावातल्या सनातन्यांनी तळं शुद्ध करून घेतलं, शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून. आजीच्या तांब्यातलं पाणी आणि या १०८ घागरी यांत किती अंतर होतं? मोजायला गेलं तर फार; आणि राजापूरच्या त्या अंगणात उभं राहून पाहिलं तर हातभरसुद्धा नाही. आजी प्रेमळ होती. तिच्या हातच्या घावनांची चव मला अजून आठवते. दोन्ही खरं आहे, आणि ही दोन खरी माणसं एकाच लुगड्यात राहत होती, हे स्वीकारायला मला पुष्कळ वर्षं लागली.

त्याच वर्षी डिसेंबरात महाडला पुन्हा परिषद भरली आणि बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले. लुगडं कसं नेसावं, जातीची ओळख सांगणारे जड दागिने कसे उतरवावेत, मुलींना कसं शिकवावं. लक्ष्मीबाई टिपणीस आणि इंदिराबाई चित्रे यांनी नेसण्याची ती नवी पद्धत दाखवली म्हणतात. हातातली गोठ-पाटली काढताना मनगटाला कसं हलकं वाटलं असेल, घोट्यापर्यंत आलेल्या निऱ्या पहिल्यांदा पायात कशा अडकल्या असतील. इतिहासाच्या पुस्तकांत ही निरी सापडत नाही. मग १९३०चं नाशिकचं काळाराम मंदिर, २० जुलै १९४२ला नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेली दलित महिलांची परिषद, आणि त्यात उभं राहून बोललेल्या, घरी परतून पुन्हा चुलीशी बसलेल्या किती तरी जणी. त्यांच्या दारात वही घेऊन बसलेली बाई स्वतःबद्दल लिहायला बसली तेव्हा ती ‘मी’नं सुरुवात कशी करणार?

तो काळच तसा होता. बेबी कांबळे फलटणच्या आपल्या दुकानात बसून घरच्यांच्या नकळत लिहीत होत्या. त्यांचं ‘जिणं आमचं’ आधी ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आलं आणि १९८६ला पुस्तक झालं. शांताबाई कांबळे यांची ‘माझ्या जल्माची चित्तरकथा’ही आधी नियतकालिकातूनच वाचकांपुढे आली. कुमुद पावडे यांचं ‘अंतःस्फोट’ १९८१चं. या बायकांच्या वह्या कुणीतरी हातात घेतल्या, वाचल्या, भाषेला फार हात न लावता छापल्या. त्या ‘कुणीतरी’ची नावं पुष्कळदा मुखपृष्ठावर नसतात. मासिकं गेली, अंकांचे गठ्ठे रद्दीत गेले, आणि वाशीच्या एखाद्या वाचनालयात बांधीव खंड मागितला तर ग्रंथपाल आधी आपल्या तोंडाकडे बघतो. संपादनाचं काम असंच असतं. सूप झालं की विणणारी उठून जाते.

हे सारं घोळत असताना भाचीनं कॅलिफोर्नियाहून एक पुस्तक पाठवलं. ती तिकडे शिकवते, आणि मावशी काय वाचते याची तिला चांगली कल्पना आहे. शेरी मोरागा यांचं ‘नेटिव्ह कंट्री ऑफ द हार्ट’, २०१९चं. मेक्सिकन वंशाच्या आईची, एल्व्हिराची, तिच्या लेकीनं लिहिलेली कहाणी. एल्व्हिरा लहानपणी भावंडांबरोबर इम्पीरियल व्हॅलीत कापूस वेचायला जात असे. मजुरी वडील घेत. म्हातारपणी तिची स्मृती झिजत गेली आणि लेक तिच्या शेजारी बसून ती झीज पाहत राहिली. कापसाच्या बोंडाचा काटा आणि बांबूची कूस. मी ते पान वाचताना नकळत बोटं चोळत होते.

मग कळलं, ही मोरागाही आधी संपादक होती. १९८१ साली तिनं ग्लोरिया अन्सालदुआ हिच्या जोडीनं ‘धिस ब्रिज कॉल्ड माय बॅक’ हे संकलन केलं. काळ्या, मेक्सिकन, आदिवासी, आशियाई वंशाच्या अमेरिकन बायकांच्या कविता, पत्रं, निबंध, गाऱ्हाणी. काढणारी प्रकाशनसंस्था लवकरच बंद पडली, तेव्हा बायकांनीच चालवलेल्या ‘किचन टेबल’ या प्रकाशनानं १९८३ला ते पुन्हा छापलं. स्वयंपाकघरातलं टेबल! नाव ठेवणारीनं काय नेमकं ठेवलं आहे. मोरागानं मध्यंतरी स्वतःबद्दलही पुष्कळ लिहिलं. ती काही चाळीस वर्षं गप्प बसली नव्हती. पण आईपर्यंत पोचायला तिला वेळ लागला, आणि पोचण्याआधी तिनं परक्या बायकांच्या कागदांना जागा करून दिली. रत्नागिरीच्या डोंगरात आणि कॅलिफोर्नियाच्या कापसात एकमेकींना न ओळखणाऱ्या दोन लेकी एकाच क्रमानं चालल्या, याचं मला फार अप्रूप वाटलं. आधी इतरजणी. मग आई. आणि आपण, सोयीनं.

उर्मिलाबाईंच्या कथाही मधल्या काळात येत होत्या, ‘सहावं बोट’ १९८८ला, ‘चौथी भिंत’ १९९०ला. दलित लेखिकांना एकत्र बसता यावं म्हणून ‘संवादिनी’सारखा मंच उभा करण्यात त्या होत्या. घरात मात्र शिकणाऱ्या, लिहिणाऱ्या, सभांना जाणाऱ्या बायकोचं कौतुक फार टिकलं नाही, आणि चळवळीतले पुरुषही घरी गेले की पुरुषच असतात, हे त्यांनी आयदानमध्ये न लपवता लिहिलं. त्यावरून आपल्याच माणसांत त्यांना ऐकून घ्यावं लागलं. मग तरुण मुलाचा मृत्यू. या पानांवर मी रेंगाळत नाही. तिथे आई आणि लेक यांचं दुःख एकमेकांना ओळखतं, आणि त्या दोघींच्या मध्ये वाचकानं बसू नये.

एका गोष्टीवर मात्र थांबावंसं वाटतं. आयदानला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा लक्ष्मीबाई टिळक पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो नाकारला. समारंभाची सुरुवात सरस्वतीच्या पूजनानं व्हायची होती. एकाच धर्माची प्रतीकं मराठी साहित्यावर का लादायची, असं त्यांनी परिषदेला पत्रानं विचारलं. काहींना ते आडमुठं वाटलं. मला त्यात त्या दारात उभ्या राहिलेल्या मुलीचा उशिरा उचललेला पाय दिसतो: आयदान घ्या, पण आधी पाणी शिंपडणार असाल तर राहू द्या.

आणि पुरस्कार कुणाच्या नावाचा, तर लक्ष्मीबाईंच्या! ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचलं आहे त्यांना त्यातले सोवळ्यानं झपाटलेले वडील आठवत असतील. सत्तावनच्या बंडानंतर सासऱ्यांना फाशी झाली आणि या माणसाच्या मनावर असा घाव बसला, की घरात येणारा प्रत्येक जिन्नस धुऊन घेतल्याशिवाय त्याला चैन पडेना. लेकीनं त्या धुण्याची हसत हसत जी चित्रं काढली आहेत, ती काढायला फार धीर लागतो. लक्ष्मीबाईंचे यजमान टिळक १८९५ला ख्रिस्ती झाले, मागाहून त्या स्वतः. पण त्याआधीच एके दिवशी जातीचा विचार करता करता त्यांनी आपल्या मनातला विटाळ पुसून टाकला होता. पाण्यानंच सुरू झालेलं त्यांचंही पुस्तक. त्या असत्या तर पुरस्कार नाकारणाऱ्या या बाईला त्यांनी घरी बोलावून पंक्तीला बसवलं असतं, आणि वर परिषदेला एक खमंग पत्र धाडलं असतं, अशी माझी खात्री आहे.

आयदान इंग्रजीत गेलं, २००८ साली, माया पंडितांच्या अनुवादातून. त्याच वर्षी वंदना सोनाळकरांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ इंग्रजीत नेलं. पुढे सुषमा देशपांडे यांनी आयदान रंगमंचावर आणलं, आणि एकट्या उर्मिलेची गोष्ट तिघी नटींमध्ये वाटून दिली. एक बोलता बोलता थांबते, दुसरी ते वाक्य उचलते, तिसरी आई होते आणि पुन्हा लेक. मला ही वाटणी फार पटली. या ‘मी’ला एका अंगात कोंबणं बरोबर झालं नसतं.

त्या डोंगरवाटेवरच्या बायका तर कुठेच मावणाऱ्या नाहीत. ओझी डोक्यावर, पाय पोळलेले, आणि तोंडानं त्या पणजोबा-खापरपणजोबाचा उद्धार चाललेला, ज्यानं बाजारापासून इतक्या लांब, अशा आडगावात वस्ती केली. मेल्याला दुसरी जागा मिळाली नाही? मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्यानं हसले, आणि समोरची बाई चमकून बघू लागली, कारण तेवढ्यातच मानखुर्दच्या अलीकडे गाडी थांबली होती आणि अख्खा लेडीज डबा सिडकोपासून रेल्वेपर्यंत सगळ्यांच्या मूळपुरुषांना अगदी त्याच सुरात आठवत होता. कुणा सोवळ्या संपादकाच्या हाती ते हस्तलिखित पडतं, तर त्यानं पहिल्याच पानावरच्या त्या शिव्या लाल शाईनं काढल्या असत्या, बायकांना जरा दमवून, जरा सोसायला लावून आदरणीय केलं असतं. त्या शिव्या छापल्या गेल्या. एकही गळली नाही.